हौसाच्या हाताची जागा

यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसू नये अशाच बेतानं मी सांगत आलोय. गेल्या चाळीस वर्षांत माझं बोलणं कुणी खरं मानलं नाही, आणि त्यावाचून माझं काही अडलंही नाही. तर ऐका. धोंडीराम सुताराची बायको हौसा, तिचा डावा हात रोज दिवेलागणीला भिंतीवरच्या फळीला टांगलेला असे, आणि त्या हाताला हौसा जोडलेली असे.

"झालं सुरू," रसूल म्हणाला. त्यानं पाय वर घेतले आणि कोपऱ्यातली लोखंडी पट्टी उचलून पाठ खाजवायला घेतली. "धोंडीराम सुतार म्हणजे तूच की लेका. आमाला काय नवीन सांगतोस?"

मीच. पण 'मी' म्हणून सांगायला लागलं की वाक्यं अडतात, 'धोंडीराम' म्हटलं की सरळ येतात. लाकूडही रेषेच्या बाजूनंच तासावं लागतं. आणि ही गोष्ट रसूलसाठी नाहीच. ही वैजूसाठी. वैजू म्हणजे हौसाच्या थोरल्या बहिणीची मुलगी. दुपारच्या गाडीनं गडहिंग्लजहून आली, कामाच्या स्टुलावर बसली, चहाला हात लावला नाही. एकच विचारलं तिनं, "काका, आई गेली त्या दिवशी मावशी का आली नाही? निघाले म्हणाली होती."

दोन वर्षांनी विचारतेय. उत्तर एका ओळीचं आहे, पण ती ओळ एकटी उभी राहत नाही. तिला टेकू लागतात. ते आधी लावू दे.

धोंडीरामनं कोल्हापुरात एका फौंड्रीत चौतीस वर्षं लाकडाचे साचे केले. पंपाचं झाकण असो की चक्कीचं चाक, आधी त्यानं ते लाकडात करायचं, मग हा रसूल ते वाळूत दाबून काढून घ्यायचा, आणि राहिलेल्या पोकळीत लोखंड ओतायचं. त्या धंद्यात एक गोष्ट हातात मुरते. लोखंड निवताना आकसतं. म्हणून साचा मूळ मापापेक्षा जरासा मोठा करायचा. शंभराला एक. पेन्सिल वस्तूला चिकटून फिरवायची नाही, चारी बाजूंनी जरा सोडून फिरवायची. किती सोडायची ते बोटांना कळतं. पुढं पुढं धोंडीराम वहीत समासही जास्त सोडायचा.

निवृत्त झाल्यावर त्यानं घराशेजारच्या ह्या बोळावर, आपण बसलोय त्याच, पत्रा टाकला. नऊ फूट लांब, सात फूट रुंद. तिथं त्याचं घरगुती सुतारकाम चालू झालं, म्हणजे खरं तर पसारा चालू झाला. गिरमिट तांदळाच्या डब्यात सापडायचं. चुका, खिळे, स्क्रू कुंकवाच्या करंड्यात. एकदा हौसाला भाकरीच्या पिठात काटकोन बघायचा गुण्या मिळाला.

"हे बघा," ती म्हणाली, "एक तर ह्या हत्यारांना जागा करा, न्हाईतर मला करा. दोघांना एका घरात जागा न्हाई."

आता हे तिनं म्हटलं होतं, हे लक्षात ठेवा. धोंडीरामनं फक्त ऐकलं. नवऱ्यानं ऐकल्यामुळं झालेली नुकसानी कुणी मोजत नाही.

त्यानं महिनाभर खपून मांडणी केली. एका अंगाला उरलेल्या फळ्या उभ्या ठेवायला घोडा, खाली रंगाच्या डब्यांचं कपाट, वर बत्तीस लहान खण. प्रत्येक खणावर पांढरी चिठ्ठी: अर्धा इंची स्क्रू, पाऊण इंची स्क्रू, बिजागऱ्या, कड्या. आणि समोरच्या भिंतीला आठ बाय चारची प्लायची फळी, वर सागाचं पान, म्हणजे लाकडाचा कागदाएवढा पातळ थर, चढवलेलं, आरशासारखी. फळीवर हत्यारं टांगायची आणि प्रत्येकाभोवती रेघ ओढायची, म्हणजे जागा रिकामी दिसली की काय गेलंय ते कळतं. फौंड्रीत अशीच होती.

फळी भिंतीला लावून हौसानं डाव्या हातानं दाबून धरली. धोंडीराम पेन्सिल घेऊन डावीकडून निघाला. करवत, वाकस, तीन पटाश्या, हातोडी, कानशी, रंधा. प्रत्येकाभोवती रेघ, जरा सोडून. हात लागला होता. चौतीस वर्षांचा हात, तो थांबत नाही. रंध्याभोवती फिरला, वीतभर पुढं सरकला, आणि अंगठ्याभोवती, चार बोटांभोवती, मनगटापर्यंत फिरून आला.

"अहो," हौसा म्हणाली, "माझा बी हात काढलाय की."

धोंडीरामनं मागं सरून बघितलं. सगळ्यांत सुबक तोच आला होता.

"राहू दे," तो म्हणाला. "हरवलीस तर कळेल."

ती हसली. मग त्यानं सगळ्या रेघांवर काळा ऑइलपेंट फिरवला. त्या रेघेवरही.

"हितं चुकलं," रसूल म्हणाला.

हितं नाही, पुढं चुकलं.

त्याच दिवशी दिवेलागणीला धोंडीराम ओट्यावर बसून एक पाट तासत होता. घरात दिवा लागला आणि रंधा त्याच्या हातातून उठला, बोळात गेला आणि आपल्या जागेवर टांगून घेतला. मागोमाग अंगणातली हातोडी गेली. शेजारच्या शिंत्रे मास्तरांकडं उसनी गेलेली पटाशी भिंतीवरून आली. धोंडीराम खूश झाला. तेवढ्यात हौसा स्वयंपाकघरातून आली, हाताला पीठ, चेहऱ्यावर काही नाही. फळीपाशी गेली, डावा हात वर केला आणि रेघेत ठेवला.

"निघंना," ती म्हणाली.

"ओढ की."

"ओढतीय. निघंना."

हत्यार स्वतःहून खिळ्यावरून उतरत नाही, ते काढून घ्यावं लागतं. धोंडीरामनं तिचं मनगट धरलं आणि हात खाली घेतला. सहज आला. मग तिला धरूनच तो स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला, कारण भाकरी करपत होती. नऊ पावलं.

वैजू, आता जुन्या लोकांचं तुला सांगतो. अडतीस वर्षांच्या संसारात धोंडीरामनं बायकोचा हात दोनदा धरला होता. एकदा अंतरपाट दूर झाल्यावर, आणि एकदा रंकाळ्यावर गर्दीत, तोही सोडला होता, कारण समोरून फौंड्रीतले लोक आले. आता रोज संध्याकाळी धरायला मिळायला लागला. हौसा दारापर्यंत हात काढून घेत नसे. आठव्या पावलाला जरा आवळायची. पुढच्या आठवड्यात तिनं पीठ लवकर मळून ठेवायला सुरुवात केली, म्हणजे येताना हात स्वच्छ असावा.

रसूल खोकला. वैजू खाली बघत होती.

मांडणी मात्र कडक होती. ती कुणाचं ऐकत नव्हती. धोंडीरामनं शिंत्रे मास्तरांच्या स्वयंपाकघराचं दार बसवून दिलं, दिवसा दार छान लागलं. संध्याकाळी बिजागऱ्यांचे बारा स्क्रू फिरत फिरत बाहेर आले, ओळीनं बोळात शिरले आणि पाऊण इंचीच्या खणात जाऊन पडले. दार मास्तरांच्या ताटात पडलं. ताटात आमटी होती.

"सुतारा, ही कसली हमी?" मास्तर कपाळाला आमटी घेऊन आले.

"स्क्रू माझे आहेत मास्तर. त्यांना जागा आहे."

त्यानंतर गल्लीत कुणी काम दिलं नाही. जे जे केलं होतं ते ते सुटून परत आलं. पाटाच्या पट्ट्या, देव्हाऱ्याची कडी, एका पाळण्याच्या चार साखळ्या. बत्तीस खण भरले. तेहतिसावा धोंडीरामनं केला नव्हता, पण तो होता. प्रत्येक वस्तू जागेवर जाऊन बसली आणि बोळ अरुंद होत गेला. आधी दोन माणसं शेजारी उभी राहायची, मग एकामागं एक उभी राहायला लागली. नऊ पावलांची आठ झाली.

मग एक दिवस हौसा कासाराकडून आली ती चिडून.

"सव्वादोनची बांगडी चढंना. न्हाण आल्यापास्नं मी सव्वादोनचीच घालती. कासारीण म्हणती, मावशी, अंग धरलंय तुमी. अंग न्हाई धरलं. नुसता हा हात."

धोंडीरामनं दोन्ही हात शेजारी धरून बघितले. डावा मोठा होता. जरासा. शंभराला एक.

त्यानं फळीकडं बघितलं. पहिल्या दिवशी करवत आणि रेघ यांच्यात बोटाच्या नखाएवढी फट होती. आता नव्हती. करवत रेघेला जाऊन भिडली होती. वाकस, पटाश्या, कानशी, सगळी आपापल्या रेघा गाठून बसली होती. त्यानं रसूलला बोलावून आणलं. रसूल, तू काय म्हणालास तेव्हा?

"मी म्हणालो, साच्याच्या मापानं रेघ मारलीस, तर आत काय ओतशील ते तेवढं भरणारच," रसूल म्हणाला. "आणि म्हणालो, भरंपर्यंत ठीक आहे. मग निवायला लागतंय."

असं म्हणाला होता खरा. धोंडीरामनं तेव्हा हसण्यावारी नेलं.

त्या उन्हाळ्यात आक्का आजारी पडली. वैजूची आई. हौसाला आईपण तिचंच. हौसा दोन वर्षांची असताना आई गेली, तेव्हा चौदा वर्षांच्या आक्कानं तिला कडेवर घेतलं, आणि तिला खाली ठेवायला लागू नये म्हणून स्वतःचं लग्न सहा वर्षं लांबवलं. ती आक्का अंथरुणाला लागली आणि तिनं एकच मागितलं. हौसे, एक रात्र माझ्याजवळ झोपायला ये. लहानपणी झोपायचीस तशी.

एक रात्र. पण मध्ये दिवेलागण येत होती.

हौसा सकाळच्या पहिल्या गाडीनं जायची आणि दुपारी दोनला परत निघायची. आक्का म्हणायची, आताच तर आलीस. हौसा म्हणायची, धुणं वाळत घातलंय. काय सांगणार? एकदा गाडी निपाणीच्या पुढं बंद पडली. दुसरी येईपर्यंत ऊन कललं. गाडीत बसल्या बसल्या हौसाचा डावा हात उठला आणि खिडकीतून बाहेर सरळ ताठ झाला, कोल्हापूरच्या दिशेला.

"मावशी, हात आत घ्या," कंडक्टर म्हणाला. "खांब लागंल."

"आत येत न्हाई, बाबा."

"मग काय दाखवताय तिकडं?"

"घर," हौसा म्हणाली.

रस्ता वळला की गाडी वळायची, पण हाताची दिशा बदलायची नाही. एका वळणावर तो खिडकीतून आत आला आणि शेजारच्या गृहस्थाच्या नाकापुढून पलीकडच्या खिडकीत गेला. गृहस्थ उठून मागं जाऊन बसले. हौसा गल्लीत उतरली तेव्हा दिवे लागून अर्धा तास झाला होता, आणि हात पुढं होऊन तिला ओढत होता. फळीवर असा आपटला की कानशी वाजल्या.

त्या संध्याकाळी ती म्हणाली, "ह्याच्यावर रंधा मारा."

"मारतो की."

"आत्ता मारा. तीन हात मारलं की रेघ जाती. मला काय कळत न्हाई व्हय? एका सुताराची लेक, एका सुताराची बायको."

रंधा तिच्या हातापासून वीतभर अंतरावर टांगलेला होता. धोंडीराम म्हणाला, सागाचं पान पातळ असतं, खालचं पांढरं लाकूड दिसेल, एवढी सुरेख फळी डागाळेल. दिवाळीनंतर नवं पान आणू, मग मारू. हे कारण खरं होतं. सांगता येण्यासारखं होतं म्हणून त्यानं ते सांगितलं. दुसरं कारण ती आठ पावलं. रेघ गेली असती तर संध्याकाळी तो कशाच्या निमित्तानं तिचा हात धरणार होता?

म्हणजे गंमत बघा, तोपर्यंत त्याला त्या पावलांचीही सवय झाली होती. सुरुवातीला दिवा लागायच्या आधीपासून तो फळीपाशी येऊन थांबायचा. मग यायला उशीर करायला लागला. हौसा टांगलेली असायची आणि तो खण घासत बसायचा.

"अहो, काढा की मला."

"थांब, एवढा खण बसवतो."

ती थांबायची. दुसरं काय करणार? उभ्या उभ्या चिठ्ठ्या वाचायची. अर्धा इंची, पाऊण इंची, बिजागऱ्या, कड्या. शाळा चौथीपर्यंतची, पण त्या पावसाळ्यात तिचं वाचन सुधारलं.

"धोंड्या," रसूल म्हणाला, "पोरीला सरळ सांग. अंधार पडायला लागलाय."

अजून उजेड आहे. सांगतो.

खंडेनवमी आली. धोंडीरामनं सकाळी फळी पुसली, प्रत्येक हत्यारावर झेंडूचं फूल ठेवलं, हळदकुंकू लावलं. करवत, वाकस, पटाश्या, रंधा. मग वीतभर पुढची रिकामी जागा.

"तेवढ्याला नको," हौसा मागून म्हणाली.

"सगळ्यांना लावलं, त्यालाच का उपाशी ठेवायचं?"

आणि रेघेच्या मधोमध त्यानं कुंकवाचं बोट टेकवलं. मनापासून टेकवलं, कुचेष्टा म्हणून नाही. एवढ्या सगळ्यांत आपलं काही असेल तर हेच, असं त्याला त्या वेळी वाटलं होतं. हौसाला त्यानं तसं सांगितलं नाही.

पुजलेलं हत्यार दसऱ्याची सकाळ होईपर्यंत उचलत नाहीत. हे कुणी शिकवायला लागत नाही. धोंडीरामच्या बापानं त्या दिवशी कधी पेन्सिलला टोकही काढलं नाही. फौंड्रीत एका नव्या गड्यानं हट्टानं करवत उचलली होती, त्याची दोन बोटं त्याच करवतीखाली गेली. रसूलनं ती वाळूतून वेचली आहेत. रसूल मान हलवतोय बघ, आपोआप हलली त्याची मान.

संध्याकाळी दिवा लागला. हौसा आली. हात रेघेत बसला, कुंकू तळव्याला लागलं. आणि धोंडीरामच्या खिशात फोन वाजला. वैजू, तू होतीस.

"मीच होते," वैजू म्हणाली.

आईला धाप लागलीय, डॉक्टर म्हणतात आजची रात्र, मावशीला द्या, असं म्हणालीस. हौसाचा उजवा हात मोकळा होता, पण त्यानं तिनं फळीची कड घट्ट धरली होती. म्हणून धोंडीरामनं फोन तिच्या कानाला धरला. पलीकडून आक्काचा श्वास ऐकू येत होता. हौसा म्हणाली, "निघाले गं आक्का. आलेच. आज ऱ्हाणार मी." फोन बंद झाला. आणि ती धोंडीरामला म्हणाली, "काढा मला."

धोंडीराम जवळ गेला. मनगट धरण्यापुरता हात पुढं केला. आणि थांबला. समोर फूल होतं, कुंकू होतं.

"आज उचलत नाहीत," तो म्हणाला.

"मी हत्यार न्हाई."

"पुजलंय, हौसा. सकाळी पहिल्या गाडीनं दोघं जाऊ. सकाळ म्हणजे किती, बारा तास."

"मग रेघ तरी घालवा."

रेघ घालवायची तर रंधा हवा. रंधाही पुजलेला. त्याच्यावर पिवळं फूल, पात्याला हळद. धोंडीराम दोघांच्या मध्ये उभा राहिला. बोळ आता इतका अरुंद होता की त्याची पाठ खणांना टेकलेली आणि नाक फळीला.  हौसानं तोंड भिंतीकडं केलं. बाहेर गाडीला वेळ होता. साडेसहाची गाडी, स्टँडपर्यंत रिक्षानं दहा मिनिटं.

आणि मग, वैजू, धोंडीरामनं रंधा उचलला.

हो, उचलला. बापाची रीत मोडली, फूल खाली पडलं, ते त्यानं पायानं बाजूला सारलं. तिच्या बोटांच्या टोकांपासून सुरुवात केली. पहिला हात मारला, काळी रेघ दोरीसारखी निघून आली. दुसरा हात मारला, कुंकवाची लाल ढलपी निघाली, पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. तिसऱ्या हाताला खालचं पांढरं लाकूड दिसलं. हौसाचा हात सुटला. तिनं तो पदराला पुसला, चपला घातल्या आणि गेली. मागं वळून बघितलं नाही. धोंडीरामनं तिला कोपऱ्यापर्यंत बघितलं. हात मोकळा हलत होता, कुठलीही दिशा न दाखवता.

पुढचं सोपं आहे. जागा पुसलेली वस्तू परत येत नाही. म्हणूनच हौसा ना आक्काकडं पोचली, ना घरी परत आली. वाटेत कुठं उतरली, कुणाच्या घरी राहिली, देवाला माहीत. तिला ओढणारं काही राहिलं नव्हतं. धोंडीरामनं तिला सोडलं आणि ती गेली. यात त्याचं काही चुकलं असेल तर एवढंच की तीन महिने उशीर केला. पण मारला. रंधा त्यानं मारला.

 रसूलनं पाठ खाजवायचं थांबवलं होतं. गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवली.

"मी त्या दिवशी साडेसहाच्या गाडीसाठी गडहिंग्लजच्या स्टँडवर होते," वैजू म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "साडेआठला आली. सगळे उतरले. मग साडेसातची आली, मग शेवटची. आईला सांगितलं, मावशी वाटेत आहे. पहाटेपर्यंत तेच सांगत होते."

"चुकामूक झाली असेल, बाळ."

"आमच्या घराला एकच दार आहे, काका."

ती स्टुलावरून उठली. उठली म्हणजे अंग तिरकं करूनच उठली, कारण बोळात आता सरळ उभं राहून वळता येत नाही. ती अंग चोरत फळीपाशी गेली. करवतीच्या पुढं वाकस, वाकसापुढं पटाश्या, मग हातोडी, कानशी, रंधा. रंध्यापासून वीतभर पुढं कॅलेंडर टांगलेलं आहे.

"हे दोन वर्षांपूर्वीचं आहे," ती म्हणाली. "दसऱ्याच्या महिन्यावरच उघडं आहे."

"जुनं आहे. त्याला हात लावू नको, मागं ओल आहे."

"धोंड्या, काढू दे तिला," रसूल म्हणाला.

तिनं कॅलेंडर काढलं.

सागाचं पान अखंड होतं, आरशासारखं. त्यावर काळ्या ऑइलपेंटची रेघ, अंगठा, चार बोटं, मनगट. मधोमध कुंकवाचा ठिपका, वाळून तपकिरी झालेला. त्या रेघेच्या आत पेन्सिलनं काढलेली दुसरी रेघ, तसाच हात, जरासा लहान. तिच्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं, दसरा. तिच्या आत आणखी एक, एकादशी. तिच्या आत आणखी एक, कोजागरी. मग धनत्रयोदशी, पाडवा, तुळशीचं लग्न. आतल्या आत हात लहान होत गेलेला, बाईचा, मग पोरीचा, मग दोन वर्षांच्या लेकराचा. सगळ्यांत आतला तांदळाच्या दाण्याएवढा, तरी पाचही बोटं दिसत होती. ही अक्षरं कुणाची आहेत ते पाऊण इंचीच्या चिठ्ठीशेजारी धरून बघितलं तर लगेच कळतं. मनगटाखालच्या खिळ्याला हिरव्या बांगड्या होत्या. सव्वादोनच्या नाहीत, मोठ्या.

वैजू बराच वेळ वाचत राहिली. समोरच्या घरात दिवा लागला. रसूलच्या हातातली लोखंडी पट्टी उठली आणि आपल्या खिळ्यावर जाऊन बसली.

"तुम्ही रंधा मारलाच नाहीत, काका," वैजू म्हणाली. "मावशीचा हात एवढा तर होता." आणि किती ते दाखवायला तिनं आपला डावा तळवा बाहेरच्या काळ्या रेघेत ठेवला. बरोबर बसला, चारी बाजूंनी जरा जागा सोडून.